केसांसाठी भिजवलेली मेंदी

सविताचे केस पिकले ते नवरा गेला त्याच वर्षी. तेव्हा ती तिशीत होती. चाकणच्या रस्त्याला त्याचा टेम्पो उलटला, आणि वर्षश्राद्ध होईतो हिच्या भांगाच्या दोन्ही अंगांना चुना फासल्यासारखं झालं. सुदुंबऱ्यात सासरी कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. नवरा गेलेल्या बाईचे केस पांढरे झाले तर त्यात बोलायचं काय? उलट शोभून दिसतात, अशीच सगळ्यांची समजूत.

शोभून दिसण्यावर पोट भरत नाही. लहानग्या सत्यमचं बोट धरून ती लोणावळ्याला आली आणि एका चिक्कीच्या दुकानात कामाला लागली. आधी मागं, भट्टीशेजारी. गुळाच्या पाकात दाणे घालून पाटावर ओतले की हाताला तूप लावून तो गरम गोळा थापायचा, लाटायचा आणि थंड व्हायच्या आत सुरी फिरवायची. वर्षभरात शेठच्या ध्यानात आलं की ही बाई गिऱ्हाइकाला बोलण्यात बांधून ठेवते. तो म्हणाला, "सविताबाई, शनिवार-रविवार काउंटरला उभ्या राहत जा. फक्त केसांचं तेवढं बघा. भुशी धरणाला आलेली पोरं-पोरी काउंटरवर आजी बघून पुढच्या दुकानात जातात."

आजी म्हणे. पस्तिशीसुद्धा न गाठलेली बाई. सविताला असा संताप आला की हातातली सुरी तिथंच टाकून जावं, पण संतापानं शाळेची फी भरता येत नाही. त्या संध्याकाळी तिनं बाजारातनं काळ्या डायची पुडी आणली. पुढं सत्यम डिप्लोमा होऊन तळेगावच्या कंपनीत चिकटला तरी महिन्याच्या महिन्याला ती पुडी चालूच राहिली.

हे काळेभोर केस घेऊन ती सणावाराला सुदुंबऱ्याला जायची. सासू झुंबरबाई जिभेची तिखट, पण तिनंही कधी हटकलं नाही. धाकटी जाऊ माधवी तर वर समजूत काढायची, "ताई, तुमची ड्यूटीच तशी आहे." म्हणजे बघा कसं असतं. विधवेनं हिरवा चुडा भरायचा नाही, हळदीकुंकवाला पुढं व्हायचं नाही, हाताला मेंदी लावायची नाही, पण डोकं काळंकुळकुळीत केलेलं चालतं. ज्यांनी नियम केले त्यांच्या काळी डायची पुडी निघाली नसावी, दुसरं काय.

मग गेल्या पावसाळ्यात त्या पुडीनंच दगा दिला. रात्री डाय लावून झोपली आणि सकाळी डोळे उघडेनात. कपाळ सुजून पुढं आलेलं, मानेवर फोड, टाळूची आग आग. डॉक्टरीणबाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, "केसांना काय लावता?" आणि सांगून टाकलं, "आता हा रंग बंद. इतकी वर्षं सोसला म्हणून यापुढंही सोसेल असं नसतं. पुढच्या वेळी श्वास अडकला तर काय कराल?"

सविता घरी आली ती धुसफुसत. ज्या गोष्टीची कधी हौस नव्हती ती पोटासाठी सोळा वर्षं केली, आणि आता तीच अंगावर उलटली. सूज उतरायला पंधरवडा गेला. केस मात्र मुळापासून पांढरे वर येत राहिले आणि डोकं अर्धं काळं, अर्धं पांढरं दिसायला लागलं. नेमकं त्याच हिवाळ्यात सत्यमचं लग्न ठरलं.

या लग्नात सविताला एकच गोष्ट हवी होती. सत्यमला हळद लावायची होती. वरमाय म्हणून मिरवायची तिला हौस नव्हती. देवकाला आदिनाथ आणि माधवी, म्हणजे दीर आणि जाऊ, बसणार हे तिनं कुणी सांगायच्या आधी स्वतःच म्हणून टाकलं होतं. फक्त हळद. आपल्या पोराच्या गालाला आपल्या हातानं हळद लावावी, एवढं मागणं काही फार नव्हतं, पण आपल्याकडं तेवढ्यासाठीसुद्धा बाईला नवरा जिवंत असावा लागतो.

सत्यमनं आजीशी भांडून ते कबूल करून घेतलं. "आई हळद लावणार नसेल तर मी पाटावर बसत नाही," असं तो तोंडावर म्हणाला. झुंबरबाई चार दिवस कुणाशी बोलली नाही. मग एका दुपारी जेवता जेवता म्हणाली, "पाच सवाष्णींची हून जाऊ दे. शेवटाला लाव म्हनावं तिला. आन गप मागनं येऊन लावायची, मिरवायचं न्हाई. मी काय केलं आदिनाथच्या हळदीला? म्हातारा आदल्या सालीच गेल्याला. आत बसून तांदूळ निवडले. मला काय लेक नव्हता व्हय?"

सविताला ते 'मिरवायचं न्हाई' फार झोंबलं. पण मिळालं ते तिनं पदरात पाडून घेतलं.

लग्नाला आठवडा उरला आणि माधवीचा व्हिडिओ कॉल आला. पत्रावळी किती, पाण्याच्या बाटल्या किती असं सगळं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण केसांचं बघा काहीतरी. नवरीकडची माणसं विचारतील, यातली आजी कुठली आणि आई कुठली."

झालं. पुन्हा आजी. सवितानं फोन ठेवला आणि आरशात बघून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं हे शालूबाईला सांगितलं. शालूबाई पॅकिंगला होती, वयानं मोठी, सविताची तिथली एकमेव जिवाभावाची. ती म्हणाली, "मेंदी लाव की. माझ्या आईनं जन्मभर लावली, एक पुरळ उठली नाही. लोखंडाच्या कढईत रात्रभर भिजवायची, पाण्याऐवजी चहाचा काढा घालायचा, वर आवळ्याची पूड. नुसती लावलीस तर गाजरासारखी दिसशील. लोखंडात भिजली की तपकिरी येते."

सवितानं काष्ठौषधीच्या दुकानातनं मेंदीची पूड आणली, माळ्यावरची जुनी कढई काढली, आणि शालूबाईनं सांगितलं तसंच्या तसं केलं. एक गोष्ट तेवढी राहिली. डायच्या पुडीबरोबर प्लॅस्टिकचे हातमोजे यायचे. मेंदीच्या कागदी पुडीत मेंदीशिवाय काही नव्हतं. हातमोजे आणायला पुन्हा चार मजले कोण उतरणार? डायचा डाग साबणानं दोन दिवसांत जातो, तसा हाही जाईल, म्हणून तिनं दोन्ही हात कढईत घातले आणि केसांची बट न् बट लिंपून घेतली.

केस मात्र झाले नामी. धुऊन वाळवल्यावर पांढऱ्याचं पार तपकिरी झालं होतं, उन्हात जरा तांबूस दिसत होतं. टाळूला खाज नाही, आग नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा केस रंगवून तिला बरं वाटलं. मग तिनं हातांकडं पाहिलं. दोन्ही तळवे मनगटापर्यंत केशरी झाले होते.

ती घाबरली नाही. डाग काढण्यात तिची हयात गेली होती. चिक्कीची पातेली, पितळेचा तांब्या, सगळं लिंबानं निघतं हे तिला पक्कं ठाऊक. तिनं अर्धं लिंबू घेतलं, घासायला खरखरीत हवं म्हणून त्यावर साखर घातली, आणि तळवे चांगले चोळचोळ चोळले. चिकट रस तसाच वाळू दिला, म्हणजे डाग ओढून घेईल. दुसऱ्या दिवशी जोडसुट्ट्यांची गर्दी म्हणून शेठनं तिला भट्टीला उभं केलं. दिवसभर हाताला तूप लावून ती गरम गोळे थापत राहिली. संध्याकाळी हात धुतले तर केशरी गेलेलं होतं आणि तळवे लालभडक झाले होते. त्याच्या पुढच्या सकाळी ते आणखी गडद झाले, मरून रंगाच्या साडीच्या काठासारखे.

शालूबाईनं तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "लावलंस काय यांना?"

"लिंबू. आणि घासायला साखर."

शालूबाई पोट धरून हसायला लागली. "अगं बये, नवरीच्या हाताला लिंबू-साखर कशाला लावतात? रंग चढायला. त्यावर तूप चोळलंस, भट्टीची ऊब दिलीस. लग्नाच्या पोरींची नाही अशी चढत."

सविता पोत्यावर खालीच बसली. खरंच की. तिच्या स्वतःच्या लग्नात मावशीनं कापसाच्या बोळ्यानं तिच्या तळव्यांवर लिंबू-साखरेचं पाणी लावलं होतं, आणि वर तव्याची शेक दिली होती. आठ वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं हे. पण ज्या गोष्टीच्या वाटेला इतकी वर्षं जाऊच दिलं नाही, ती बाईच्या ध्यानात राहावी तरी कशी? हात रंगल्याचा तिला जेवढा राग आला नाही तेवढा या विसरण्याचा आला.

मग जे करतात ते सगळं तिनं केलं. राख झाली, रॉकेल झालं, टूथपेस्ट झाली, फरशी पुसायचं औषध झालं. कातडी सोलवटली, रंग हलला नाही. हळद सासरच्या दारातच होती, सत्यम तयारीसाठी आठवडाभर आधीच तिकडं गेला होता. हळदीच्या दिवशी सकाळी पदराच्या आत हात गुंडाळून ती सुदुंबऱ्याला पोचली.

पण सासरी गेलेल्या बाईला हात लपवता येतात का? झुंबरबाई ओसरीवर बसली होती. सविता पाया पडायला वाकली, आणि पाया पडायचं तर हात पुढं करावेच लागतात. म्हातारीनं ते मनगटाला धरून उलटे केले.

"ह्ये काय गं?"

"केसांना लावली, आत्याबाई. डॉक्टरनं डाय बंद केला ना. केस बघा, तुम्हालाच दिसेल."

"केस कोन बघतंय? हात दिसत्यात."

मांडवात पापड तळणाऱ्या बायकांची तोंडं एकदम बंद झाली आणि मग एकदम सुरू झाली. कुणी म्हणालं, लोणावळ्यात राहून वारं लागलं. कुणी म्हणालं, लेकाच्या लग्नात हिलाच नवरी व्हायची हौस. एकीनं तर हळू आवाजात विचारलं म्हणे, हिचंही कुठं जमलंय का. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ज्या केसांसाठी हा सगळा उपद्व्याप केला, त्यांच्याकडं त्यातल्या एकीनंही पाहिलं नाही.

"सोळा वर्षं मी काळा डाय लावून येत होते," सविता म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. "तेव्हा कुणी विचारलं नाही. ते विष होतं, त्यानं माझे डोळे जायची वेळ आली होती. हा झाडाचा पाला आहे, आत्याबाई."

"ते काळं हुतं. ह्ये तांबडं हाय," झुंबरबाई म्हणाली. तिच्या लेखी विषय तिथं संपला. "शेवटाला लाव म्हनले हुते, ते आता न्हाई जमायचं. असल्या हातानं पोराला हळद लावली तर लोक माझ्या तोंडात शेन घालतील. माधवी लावंल. तू आत तांदळाचं बघ."

सवितानं सासूशी पुढं वाद घातला नाही. तिला वाटलं, आपला सत्यम आहे. ज्यानं आजीशी भांडून घर डोक्यावर घेतलं तो आता गप्प बसेल होय? ती त्याला शोधत मांडवाच्या मागं गेली. तो पिवळा कुर्ता घालून मित्रांबरोबर उभा होता. तिनं बाजूला घेऊन सगळं सांगितलं, लिंबू-साखरेचंसुद्धा सांगितलं. वाटलं, हसेल.

तो हसला नाही. त्यानं तिच्या हातांकडं पाहिलं, मग मित्रांकडं पाहिलं. "आई, तुला हे आत्ताच करायचं होतं का?"

"अरे, मुद्दाम केलं का मी?"

"तसं नाही म्हणत. पण तिकडची माणसं येऊन बसलीयेत, सगळे व्हिडिओ काढतायत. उगाच चर्चा होईल. काकू लावतेय ना, लावू दे. घरी गेल्यावर तू लाव मला. आपण दोघंच. निवांत."

सासूचं तिनं जन्मभर ऐकलं होतं, त्याचं आता काही वाटेनासं झालं होतं. पण हे तिला सहन झालं नाही. कुणाकडं दाद मागणार? आपलेच दात, आपलेच ओठ. ती "बरं" म्हणाली आणि परसात पाण्याच्या टाकीशी जाऊन बसली.

तिथं एक घासायचा दगड होता. तो घेऊन ती पुन्हा तळवे घासायला लागली. समोर मांडवात डीजे सुरू झाला. एकेका सवाष्णीचं नाव पुकारलं जात होतं, बायका हसत होत्या. ती घासत राहिली. अंगठ्याखाली पाकाचा जुना चटका होता, सत्यम सहावीत असतानाचा. त्या दिवशी त्याच्या सहलीचे पैसे भरायचे होते म्हणून ती पट्टी बांधून परत भट्टीला उभी राहिली होती. सगळ्या हातावर मेंदी चढली होती, तेवढ्या चट्ट्यावर चढली नव्हती. तो पांढराच होता.

तिनं दगड टाकीवर आपटला. कुणासाठी सोलतेय मी हे हात? ज्यांना काळं चालतं आणि तांबडं चालत नाही त्यांच्यासाठी? की ज्याला घरी, निवांत, दोघंच असताना आई चालते त्याच्यासाठी? निवांत हळद लावायची असती तर ती काय लोणावळ्याच्या खोलीत लावता आली नसती? तिला ती इथंच लावायची होती, या मांडवात, सगळ्यांदेखत, आणि हे तिनं आजवर स्वतःलासुद्धा धड सांगितलं नव्हतं.

ती उठली. हात पदराला पुसले आणि पदर खांद्यावर नीट टाकला. हात बाहेर ठेवले.

पाचही जणींची हळद लावून झाली होती. माधवी वाटी घेऊन उभी होती. उरलेली उष्टी हळद नवरीकडं न्यायची म्हणून कुणीतरी डबा पुढं करत होतं. सवितानं जाऊन माधवीच्या हातातली वाटी धरली. माधवीनं क्षणभर सासूकडं पाहिलं, मग सविताकडं पाहिलं, आणि वाटी सोडून दिली.

सवितानं दोन्ही तळवे हळदीत बुडवले. सत्यमच्या कपाळाला लावली, गालांना लावली, गळ्याला लावली. हलक्या हातानं नाही. चिक्कीचा गोळा थापावा तशी लावली, कारण राग अजून बोटांतच होता. डीजे वाजत होता, पण नाचणारी पोरं थांबली होती.

"आई, हळू," सत्यम पुटपुटला.

"गप बस," ती म्हणाली.

तेवढ्यात उंबऱ्यात बसलेली झुंबरबाई काठी टेकत उठली. बायका बाजूला झाल्या. आता म्हातारी सुनेचा हात धरून ओढणार, असं सगळ्यांनाच वाटलं, सवितालाही वाटलं. तिनं वाटी छातीशी घट्ट धरली. झुंबरबाई पाटाजवळ आली, वाकून नातवाच्या तोंडाकडं नीट पाहत राहिली. मग काठीनंच दाखवत म्हणाली,

"कानामागं लाव. तितं कुनी लावतच न्हाईत. आदिनाथच्या टायमाला बी कानामागं कोरडंच राहिलं हुतं. मी आतनं बघत हुते."

म्हातारी परत जायलाही वळली नाही, तिथंच काठीवर भार देऊन उभी राहिली. सवितानं सत्यमची मान धरून एका बाजूला वळवली आणि वाटीच्या तळाशी राहिलेली हळद बोटानं निपटून घेतली.